आधी निताचं ताट

चतुराबाईंनी तिळाच्या चटणीची वाटी सुनेच्या ताटात पालथी केली, तेव्हा नवरा संतराम आणि मुलगा देविदास हातपाय धुऊन आपापल्या पाटावर बसले होते. त्यांची ताटं कोरडीच होती.

"आधी निता जेवंल," चतुराबाई म्हणाल्या. "मग तुमी."

देविदासला वाटलं, मायला ऊन लागलं. सासू-सुना सकाळच्या एसटीनं सेनगावला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या होत्या. लग्नाला पाच वर्षं झाली तरी निताची कूस उजवत नव्हती.

"बाई म्हणल्या, लोखंडाला गंज चढतो तसा बाईच्या अंडाशयातल्या पेशींना बी चढतो. जस्त अन् सेलेनियम पोटात गेलं, तर त्यापासून बचाव होऊ शकतो." दुसरं नाव त्या एसटीत घोकत आल्या होत्या. "गोळ्या दिल्यात. अन् तीळ, शेंगदाणे, हरभरा खायला सांगितलाय."

"होऊ शकतो म्हंजी? बराबर होतो का न्हाई?" देविदासनं विचारलं.

"सोयाबीनवर फवारा मारतोस, तवा कीड मरंलच असं दुकानदार लिहून देतो व्हय?"

संतराम खाकरले. "पण हे समदं आपल्या घरी रोजच असतंय की."

"मी बी तेच बोलले, मान वर करून. तर बाईंनी हिला इचारलं, तुझ्या ताटात किती येतं? ही लागली माझ्या तोंडाकडं बघायला. समद्यांचं झाल्यावर वाटी इसळलेलं पाणी तेवढं उरतं. काय सांगणार होते मी?"

निताचा पदर नाकापर्यंत आला होता. भाकरी तशीच होती. "आत्याबाई, मामंजींच्या समोर घास उतरत न्हाई," ती पुटपुटली.

चतुराबाईंनी बापलेकांकडे पाहिलं. "ऐकलं ना? तोंडं फिरवा भिंतीकडं."

गावातल्या बांधाच्या भांडणांत संतरामांचा शब्द शेवटचा असे. पण नातवंडाचा सवाल होता. ते पाट उचलून भिंतीकडे वळले. देविदासही वळला.

मागे भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग कांदा फोडल्याचा. देविदासनं भिंतीकडे बघतच विचारलं,

"झालं का?"

"आत्ता कुठं दुसरी घेतली तिनं. गप बस."

भिंतीवर पाल होती. दोघं पालीकडे बघत राहिले.

थोड्या वेळानं चतुराबाई निताजवळ टेकल्या, तिच्याच ताटातली भाकरी मोडली आणि भरपूर चटणी लावून तोंडात घातली. मालक उपाशी असताना त्यांनी घास घेण्याची पन्नास वर्षांत आज पहिलीच वेळ होती.

संतरामांनी मान वळवली नाही, पण कान टवकारले. "देविदासची माय, तू बी बसलीस काय?"

"व्हय."

"तुला काहून? तुझं का आता वय हाय?"

"होतं तवा कुणी सांगितलं न्हाई," चतुराबाई म्हणाल्या, आणि चटणीवर तेलाची धार धरली.