दाराआडची पंगत

ज्या कुणी गौरीच्या नैवेद्याला सोळा भाज्या लावून दिल्या, त्यानं जन्मात कधी गवारीची शेंग मोडलेली नाही. त्यानं फक्त नियम केले. रांधणारीनं चव घ्यायची नाही, सगळ्यांच्या आधी खायचं नाही, आणि वर चेहरा हसरा ठेवायचा. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये तुपाचं भांडं घेऊन धावताना वैष्णवीच्या डोक्यात हेच उकळत होतं. पहाटेपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. सुट्टी टाकूनही ऑफिसचे फोन येत होते, ते वेगळंच. पुढच्या वर्षीपासून आपण यात नाही, हे आज सासूबाईंना सांगायचंच, असं तिनं पक्कं केलं होतं.

दोन्ही गौरींपुढं ताटं मांडून झाली होती. नैवेद्य दाखवला की खोलीचं दार लावायचं आणि देवी जेवेपर्यंत आत कुणी फिरकायचं नाही, ही त्या घरची रीत. तूप वाढायचं राहिलं म्हणून ती आत शिरली आणि मागून कुणीतरी दार ओढून घेतलं. ती आत आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण त्याआधीच ती ताटापुढं बसली होती. शेवंतीचा वास. समयांचा उजेड. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्याकडं कुणी काही मागत नव्हतं. हात आपसूक पुरणपोळीकडं गेला. एक घास. मग दुसरा.

दार किलकिलं झालं. तिला शोधत सासूबाई आल्या होत्या, द्वारकाबाई. दार लावून घेत त्या आत आल्या आणि उष्ट्या ताटाकडं बघत राहिल्या. वैष्णवीनं हातातला घास ताटात ठेवला.

"अहो आई, चुकले मी... देवीचं ताट... कोपेल ती."

"उपाशी पोरीवर कोपणारी असती, तर मी तिला जन्मभर या घरात घेतली असती होय गं?" भिंतीचा आधार घेत बाई दुसऱ्या ताटापुढं टेकल्या. "सरक जरा. आणि ते तूप इकडं दे. नुसती धरून बसलीय."

वैष्णवीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं तूप वाढलं. मग मान वर करून मुखवट्याकडं पाहिलं. इतकी वर्षं नथ सरळ आहे का, गजरा ढळला का, एवढंच ती बघत आली होती. चेहरा आज दिसला. हात जोडावेसे वाटले. ते पुरणानं माखले होते, तरी जोडले.

बाहेरून नवऱ्यानं, अभिनवनं, दार ठोठावलं. "आई, वैष्णवी कुठंय? पाहुणे खोळंबलेत! पानं कोण वाढणार?"

द्वारकाबाईंनी सावकाश घास गिळला.

"ती जेवतेय. मीपण जेवतेय. पोळ्यांचा डबा ओट्यावर आहे, आणि हात तुलाही देवानंच दिलेत. वाढशील की नाही? तोंडानं बोल!"