नैवेद्याचा पडदा

"अप्पा, तो लाडू डब्यात ठेवा आधी!"

फ्रिजवरच्या कॅमेऱ्यातून सुनेचा आवाज आला, तसे अप्पा दचकले. लाडू हातातून निसटला आणि फरशीवर फुटला. ऑफिसात बसलेल्या वैजयंतीला मोबाइलवर दिसलं, म्हातारा जीव गुडघे टेकून एकेक कण वेचतोय. वेचून झाल्यावर त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत, चुकलो म्हणून चक्क हात जोडले. 'साखर वाढलीय, त्यांच्या भल्यासाठीच बसवलाय ना,' असं तिनं मनाला बजावलं. पण दुपारचा डबा तिनं न उघडताच परत पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. नेमाप्रमाणे तिनं देवापुढे नैवेद्य ठेवला, पाणी फिरवलं आणि देवघराचा पडदा ओढून घेतला. देव जेवत असताना बघू नये, हे आईनं तिला लहानपणीच शिकवलं होतं.

"देवाचं बरं आहे गं वैजू," मागून अप्पा हसत म्हणाले, "त्याला जेवताना पडदा तरी असतो."

पडद्याची कड तिच्या हातात तशीच राहिली. मग स्टूल ओढून ती वर चढली, कॅमेरा काढला आणि वायरीसकट कपाटात टाकला. पान वाढताना त्यात अर्धा लाडूही ठेवला.

"जेवा अप्पा, सावकाश. आता कोणी बघत नाही."

"बरं गं पोरी," म्हणत अप्पांनी ताट उचललं, आणि सवयीनं फ्रिजकडे पाठ करून बसले.