भिवराच्या अंगणातली जास्वंद

"देवालाबी न्हाई?" मुक्ताबाईने विचारलं.

"न्हाई, पाटलीणबाई. ही फुलं देवाला चालायची न्हाईत," भिवराबाई म्हणाली आणि घागर उचलून आत गेली.

मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिरसाळ्याच्या पाटलाची बायको गौरीसाठी फुलं मागायला आपल्या पायांनी चालत येते, आणि एक विधवा सुईण तिला रिकाम्या हाती परत पाठवते. जागा पाटलाची, झोपडं पाटलाच्या आसऱ्याचं. झाडसुद्धा पाटलानेच दिलेलं.

खरं दुखणं तिथंच होतं. आठ वर्षांपूर्वी आश्रुबा पाटील महसुलाच्या कामाला हैदराबादला गेले, तेव्हा कुण्या नवाबाच्या माळ्याकडून रंगीत जास्वंदीची दोन रोपं घेऊन आले. एकाच पानावर हिरवा, पांढरा आणि गुलाबी रंग, वर लालभडक फूल. एक रोप त्यांनी दारात लावलं आणि दुसरं भिवराच्या अंगणात. सुइणीला लुगडं देतात, नारळ देतात. झाड दिलेलं कुणी ऐकलंय? आणि तेही मुक्ताबाईच्या पहिल्या बाळंतपणानंतर, ज्यात मूल हाती लागलं नव्हतं.

त्या वेळी सासूबाईंनी बजावलं होतं, "मागचं काढायचं न्हाई, कुणाला काई विचारायचं न्हाई. फुडं बघायचं." मुक्ताबाईने पुढं पाहिलं. पाठोपाठ दोन मुलगे झाले, सासूबाई समाधानाने गेल्या.

दारातली जास्वंद मात्र दोन वर्षांतच हिरवीगार होऊन छपराला टेकली. नुसती माजली, फूल औषधालाही नाही. आणि भिवराची पाहावी तर कंबरेएवढी, गोलसर, पान न् पान रंगलेलं. रंगणार नाही तर काय? पाटील रोज सकाळी शेतावर जाताना तिथं थांबत होते. सगळं गाव बघत होतं.

जेवताना तिने विषय काढला.

"तिचं झाड आसं, आन आपलं आसं कावून?"

"हिरवा फुटवा खुडावा लागतो. न्हाई खुडला, तर सगळं झाड हिरवं पडतं," आश्रुबा म्हणाले.

"मग दारातल्याला तुमचा हात कावून लागत न्हाई?"

आश्रुबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "हे वाढू दे, वाढंल तसं. ते ठेंगणंच बरं हाय."

"आन बुंध्याला दगड काय, काटे काय. झाडाचे येवढे लाड?"

"जनावरं लई हायत तिकडं," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर केसरबाईने हसत हसत विचारलं, "पाटलीणबाई, पाटील तुमच्या झाडाला पाणी घालीत न्हाईत वाटतं?" बाकीच्या बायांनी पदर तोंडाला लावले. मुक्ताबाई अर्धी घागर घेऊन परतली. एवढा अपमान तिचा कुणी केला नव्हता, आणि तो करायची वाट गावाला तिच्या नवऱ्यानेच दाखवली होती.

गौरी बसल्या त्या सकाळी ती नवऱ्याच्या मागोमाग निघाली आणि कुडाआड उभी राहिली. आश्रुबा झाडाजवळ उकिडवे बसले होते. भिवरा शेजारी उभी. पाटलांनी खिशातून काही काढलं, ते किणकिणलं. हिरव्या काचेच्या बांगड्या. आता हाताच्या कांकणाला आरसा कशाला? विधवेला बांगड्या, आणि तेही गौरीच्या दिवशी. घरात गौरी मांडणारी बायको मात्र जुन्याच चुड्यावर.

ते शेताकडे वळल्यावर ती गोठ्यात गेली आणि कुदळ घेऊन आली. तिने बाभळीचे काटे पायाने उडवले, दगड ढकलून दिले. हात ओरबाडले, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"काय करताव, बाई?" भिवरा धावत आली.

"माझ्या नवऱ्याचं झाड हाय. मुळासकट न्हेते. दारात लावीन, न्हाई तर चुलीत घालीन."

"पाटलांना इचारा आदी."

"त्येंना काय इचारायचं? तुला इचारते. बांगड्या कुठं हायत? घाल की हातात, मला बघू दे."

भिवराने आपले मोकळे हात पुढे केले. मग फांदीकडे बोट दाखवलं.

पानांच्या आड बांगड्या अडकवलेल्या होत्या. इवल्याशा. भिवराच्या चार बोटांतूनही गेल्या नसत्या.

मुक्ताबाईने कुदळ उचललेलीच होती. भिवराने ती दोन्ही हातांनी धरली आणि हळूच म्हणाली, "पाटील दरसाल येक माप वाढवून आणत्यात, बाई. तुमची लेक औंदा आठ वर्सांची झाली आसती. पाय काढा तिच्यावरून."