आधी कापड ठेवायचं

डब्याचं घट्ट झाकण चमच्याने उचकटायची आजींची खोड काही केल्या सुटत नव्हती. चमचा वाकायचा आणि आजोबा न कुरकुरता तो सरळ करायला बसायचे. लाकडी ठोकळ्यावर चमचा, त्यावर मऊ कापडाची घडी, मग लाकडी हातोडीचे हलके ठोके. "आधी कापड ठेवायचं," ते म्हणायचे, "म्हणजे ओरखडा उठत नाही."

आजोबा गेले. खोड राहिली.

वाकलेला चमचा आजी सवयीने आजोबांच्या हातोडी-कापडाच्या खणात टाकायच्या. दुपारी जरा डोळा लागला की स्वयंपाकघरातून ठक ठक ऐकू यायचं. उठून पाहावं तर चमचा सरळ, लख्ख, हाताला किंचित कोमट. आजींना कधी भीती वाटलीच नाही. "उपकार झाले हो," त्या खणाकडे बघून म्हणायच्या आणि दोन कप चहा टाकायच्या.

काल लेक आली होती. म्हणाली, "आई, तुझी पाठ किती वाकलीय गं."

"मी चमचा असते तर एव्हाना सरळ झाले असते," आजी म्हणाल्या. दोघी पोट धरून हसल्या.

आज खणात एकही वाकलेला चमचा नव्हता. तरी आजी दुपारी टेबलावर डोकं टेकून पडल्या होत्या, तेव्हा खण सरकला. मग त्यांच्या पाठीवर, नेमकी बाक आला होता तिथे, कुणीतरी मऊ कापडाची घडी ठेवली आणि मायेने हात फिरवून सारखी केली.

"अहो," आजी कशाबशा म्हणाल्या, "गंमत केली हो मी."