वगळायच्या फाइली

"ऐंशी टाका," असं फर्मान काढून विश्वजित सरांनी मीटिंग संपवली. प्रोग्रॅमच्या शंभरातल्या ऐंशी ओळींची चाचणी झालेली असेल तरच काम पुढं सरकणार, नाहीतर पडद्यावर लाल खूण येऊन सगळं तिथंच अडणार. सोमवारपासून प्रत्येक प्रोजेक्टला हाच आकडा आपोआप लागू. "आणि ज्याच्यामुळं लाल लागंल, त्यानं घरी बसायचं."

ही सेटिंग लिहायचं काम स्वप्नालीकडं आलं.

राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात दूध संस्थांची सॉफ्टवेअर बनत. फॅटवरून दुधाचा दर काढणारा मूळ प्रोग्रॅम धैर्यशीलकाकांनी चौदा वर्षांपूर्वी लिहिलेला. तो कधी चुकला नव्हता, पण त्याची धड चाचणीही कुणी कधी लिहिली नव्हती. स्वप्नालीला शेजारी बसवून काम शिकवलं ते याच काकांनी.

"पोरी, माझं किती भरतंय?" काका तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"चार टक्के, काका."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "धाकटी बारावीला हाय. अजून दोन वर्षं तरी टिकाय पायजे बघ."

सेटिंगमध्ये वगळायच्या फाइलींची एक यादी असते. मशीननं स्वतःच तयार केलेल्या, तपासण्यात काही अर्थ नसलेल्या फाइली तिथं टाकायच्या, म्हणजे त्या मोजणीत धरल्या जात नाहीत. शहाणा माणूस ती यादी आखूडच ठेवतो. स्वप्नालीनं तशा दोन ओळी लिहिल्या आणि तिसऱ्या ओळीत काकांचं अख्खं फोल्डर घातलं. ही शुद्ध लबाडी होती. तिला तिची लाज तर वाटली नाहीच, उलट कधी नव्हे ते ऑफिसात बरं वाटलं.

सोमवारी दुपारी साडेचारला सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समोर तीच यादी उघडी होती. सर चिडलेले नव्हते, त्यामुळं ती जास्तच घाबरली.

"तिसरी ओळ तू घातलीस?"

"व्हय सर. जुना कोड हाय. चांगला चालतोय, म्हटलं हात कशाला लावायचा..."

"बरोबर केलंस की! हात लावायचा न्हाय, तपासायचा न्हाय. मग त्यासाठी माणूस कशाला पोसायचा? दोन वर्षं झाली, त्यांची गरज न्हाय हे कुणी लिहून देत नव्हतं मला."

"पण सर, लाल लागलंच न्हाय."

"तेच की. त्यांना वगळलं तरी हिरवं लागतंय." सरांनी लॅपटॉप मिटला. "सहा वाजता त्यांचं लॉगिन बंद कर. तोवर बोलायचं न्हाय. यादीत चौथी ओळ रिकामी हाय, ध्यानात ठेव."

ती बाहेर आली तेव्हा धैर्यशीलकाका भडंगाची मोठी पिशवी घेऊन टेबलाटेबलापुढं फिरत होते. हिरवं लागल्याचा घरी फोनही करून झाला होता. तिला पाहताच त्यांनी कागद पसरला आणि त्यावर भडंगाचा ढीग घातला.

"खा पोरी. तुझ्यामुळं वाचलो बघ."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला आले होते. सगळे तिच्याकडं बघत होते. स्वप्नालीनं एक घास तोंडात टाकला.

"बरं हाय का?"

"छान हाय, काका."

काकांनी आणखी एक मूठ ओतली.