ओट्यावरची हाक

“अंजने, भायेर ये गो.”

अंजनीनं पेन्सिल थांबवली नाही. अर्धं वाक्य उतरलं होतं, उरलेलं डोक्यात तयार होतं, आणि ते एकदा निसटलं की परत हाती लागत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“अंजने! माजी डबी कुठं हाय? परसात बघ जरा.”

वाक्य निसटलं. तिनं भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून वही दडवली आणि दातओठ खात कोठीतून बाहेर आली. तिची सासू गोजरबाई ओट्यावर नेहमीच्या पाटावर बसली होती. तपकिरीची डबी तिच्या मुठीत होती.

“ही काय हातात.”

“ही नाय, दुसरी. जा परसात. येताना विहिरीवरनं दोन घागरी पण आण.”

दुसरी डबी त्या घरात कधी नव्हतीच. आणि पाण्याचा रांजण काठोकाठ भरलेला होता.

अंजनी घागरी घेऊन परतली, तेव्हा कोठीच्या उंबऱ्यात कोंडा सांडला होता. म्हणजे तेवढ्यात कोंबड्यांसाठी म्हातारी कोठीत शिरली होती, आणि सांडलेलं झाडायला सून होतीच. तिनं झाडू उचलला आणि जमिनीवर असा आपटला की त्याचे दोन हीर मोडले.

पहाटे चूल, मग म्हशीची धार, दोन पोरांच्या अंघोळी, त्यांची शाळा, गिरणीवर नवऱ्याची आणि त्याचा गडी नाथा याची भाकरी, धुणी, भांडी. या सगळ्यातून दुपारी एक तास उरायचा. तोही आजकाल गोजरबाई धड पुरा होऊ देत नव्हती. बाकी वेळ म्हातारी रस्त्याकडे बघत गप्प बसायची. अंजनीनं पेन्सिल धरली की मात्र तिला कंठ फुटायचा.

लिहिणं चोरूनच करावं लागे. त्रेपन्न सालच्या एका दिवाळी अंकात तिची एक कथा आली होती. तिच्यातला गिरणीवाला मापात भात मारायचा. बेलवलीत ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ती वाचली, बाकीच्यांनी ऐकली, आणि सगळेच तिच्या नवऱ्याला, दिनानाथला पाहून हसले. दिनानाथची भाताची गिरणी होती. त्यानं तिच्या होत्या नव्हत्या तेवढ्या वह्या बंबात घातल्या.

“पुन्हा लिहिताना दिसलीस तर पोरं इथं ठेवून तुला माहेरी पोचवीन,” तो म्हणाला होता. तो बोलायचा ते करायचा.

पण अंजनीला त्याची धास्ती नव्हती. गिरणीचं इंजिन घरापर्यंत ऐकू यायचं, आणि इंजिनाला तो कुणाला हात लावू देत नसे. टुकटुक चालू तोवर तो तिथं. टुकटुक थांबली की वही कणगीत. दोन महिने झाले, तो तिला एकदाही पकडू शकला नव्हता. आपल्या कानांचा तिला अभिमान होता.

तिचं भांडण होतं ते म्हातारीशी.

“आत्याबाई, मला एक तास तरी सुखानं द्या हो,” ती शेवटी बोललीच.

“तासाचं काय घेऊन बसलीस,” गोजरबाई म्हणाली. रस्त्यावरची नजर तिनं काढली नाही.

मुंबईच्या एका मासिकाची कथास्पर्धा होती. शनिवारी कथा टपालात पडायला हवी होती. माहेरच्या नावानं पाठवायची, मग कुणाला कळणार? कथा होती एका सासूची, जी ओट्यावर बसून सुनेला दिवसभर हाका मारते. अंजनीनं तिला नाव दिलं नव्हतं, पण तपकीर दिली होती. पानापानावर मनातलं विष ओतलं होतं, आणि ते ओतताना तिला बरं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी वांगणीहून सांगावा आला. गोजरबाईचा भाऊ शेवटच्या घटका मोजत होता. गाडी जुंपली. म्हातारी चढली, उतरली, परत घरात आली.

“मी येईस्तोवर कोठीत बसू नको.”

“बरं.”

“बसू नको, सांगून ठेवतंय.”

गाडी वळणाआड गेली आणि अंजनी खदखदत उभी राहिली. सख्खा भाऊ मरायला टेकलाय, तरी हिचा जीव माझ्या वहीत! जाताना तरी दोन शब्द बरे बोलावेत माणसानं.

तिनं कामं झपाट्यानं उरकली आणि भर दुपारी कणगीत हात घातला. इंजिन टुकटुकत होतं. ओटा गप्प होता. असं सलग लिहिणं तिच्या वाट्याला लग्नापासून आलं नव्हतं. तिनं कथेतल्या म्हातारीला आजारी पाडलं, अंथरुणाला खिळवलं, तिची वाचा घालवली. कीव नाही आली. शेवटचं वाक्य लिहून तिनं त्याखाली रेघ ओढली.

वहीवर सावली पडली.

“थांब रे बाळा, झालंच,” ती म्हणाली.

समोर दोन पावलं होती, घोट्यापर्यंत कोंड्यानं माखलेली.

इंजिन टुकटुकतच होतं.

“नाथाला शिकवलंय इंजिन,” दिनानाथ म्हणाला. “तेव्हापासून रोज दुपारी एक फेरी मारतो. दर खेपेला तू परसात, नाहीतर विहिरीवर.”

त्यानं तिच्या हातातून वही ओढून घेतली आणि शेवटचं वाक्य मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत वाचलं.

“‘आज ओट्यावरून हाक आली नाही.’”