पाच आंबे

सिंधमधल्या जुन्या शेजाऱ्याचं पत्र आलं आणि पिंपरी कॅम्पातल्या होतचंदला जेवण गोड लागेना. फाळणीत सोडून आलेल्या त्याच्या शेताला नव्या कालव्याचं पाणी आलं होतं. गहू कमरेला लागत होता. ते घर-शेत ज्याला मिळालं, त्या गफूरच्या ओसरीवर विजेचा दिवासुद्धा लागला होता. इथं होतचंद अजून कंदिलाची काच पुसत होता. 'कष्ट माझ्या बापाचे आणि खातोय तो,' असं गेली आठ वर्षं तो म्हणत आला होता. त्या माणसाचं नाव मात्र त्यानं कधी तोंडातून काढलं नव्हतं.

काळेवाडीचे दौलतराव त्याच्या दुकानात तंबाखू घ्यायला आले आणि हकिकत ऐकून हसले.

"कशाला जळताय, शेठ? पेपरात आलंय, नदीच्या पाण्यावरनं दोन्ही देशांचं वाजलंय. पाणी आपल्याकडनंच खाली जातंय. सरकारनं दारं बंद केली, की त्याचा गहू वाळून गेलाच समजा."

"वाळू दे," होतचंद म्हणाला. "सगळं वाळू दे."

खुशीत त्यानं चिमूटभर तंबाखू जास्तच घातली. मग त्याचा हात थांबला.

"दौलतराव, बांधावर पाच आंबे आहेत. मी लावलेले."

दौलतरावांनी तंबाखूची पुडी खिशात घातली.

ते गेल्यावर होतचंदनं कागद घेतला. 'पाणी कमी पडलं तर गहू जाऊ दे, आधी आंब्यांना घाल,' एवढंच लिहिलं. पाकिटावरचा पत्ता त्याला तोंडपाठ होता, त्याच्याच घराचा. नाव तेवढं त्यानं गफूरचं घातलं.